वेग छापताना तो कशाच्या सापेक्ष, हेही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीतला विश्वाच्या प्रसरणावरचा लेख लक्षपूर्वक वाचला. लेख आस्थेने लिहिलेला आहे आणि असे विषय दैनिकात येतात याचा मला मनापासून आनंद आहे. म्हणूनच त्यातली तीन वाक्यं खटकली. पहिलं चौकटीत, ठळक अक्षरांत: 'आपण या क्षणी सेकंदाला ३७० किलोमीटर वेगाने धावत आहोत.' दुसरं: 'दूरच्या दीर्घिका प्रकाशापेक्षाही वेगाने पळत आहेत.' तिसरं: 'विश्वात स्थिर असं काहीच नाही, हे आइन्स्टाइनने सिद्ध केलं.' तिसरं वाक्य जसंच्या तसं घेतलं तर पहिल्याला अर्थ उरत नाही, कारण ३७० मोजायला कुठेतरी शून्य धरावं लागतं. आणि दुसरं वाक्य वाचून शाळेतलं कोणतंही चौकस मूल विचारेल की प्रकाशापेक्षा वेगाने काही जाऊ शकत नाही ना? तिन्ही वाक्यांत तथ्य आहे, पण तिन्हींत एकच गोष्ट गाळलेली आहे. वेग कशाच्या सापेक्ष?

मी व्यापारी जहाजांवर नौकानयन अधिकारी होतो. आयुष्यातली बरीच वर्षं ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या कक्षात, वॉच करण्यात गेली. तिथे वेग दाखवणारी दोन उपकरणं असतात आणि त्यांचे आकडे क्वचितच जुळतात. एक लॉग, तो भोवतालच्या पाण्याच्या सापेक्ष वेग सांगतो. दुसरं जीपीएस, ते जमिनीच्या सापेक्ष वेग सांगतं. जोरदार प्रवाहात इंजिन बंद केलं की लॉग शून्यावर येतो आणि जीपीएस तीन-चार नॉट दाखवत राहतं. नवा कॅडेट हमखास विचारायचा, "सर, यातला खरा कुठला?" मी त्याला उलट विचारायचो, तुला तो कशासाठी हवाय? जहाज सुकाणूला कसा प्रतिसाद देईल हे पाहायचं असेल तर पाण्यातला वेग. बंदरात कधी पोहोचू हे काढायचं असेल तर जमिनीवरचा. समोरून येणाऱ्या जहाजाशी टक्कर होईल का, हे ठरवायचं असेल तर त्या जहाजाच्या सापेक्ष आपला. लॉगबुकात नुसतं '१२ नॉट' लिहिलेलं मी चालवून घेत नसे. ती नोंद चुकीची नसते, अपुरी असते, आणि समुद्रावर अपुऱ्या नोंदीने जहाज खडकावर जाऊ शकतं.

गतीच्या सापेक्षतेचा विचार पाण्यावरच सुरू झाला म्हणायला हरकत नाही. आर्यभटाने इ. स. ४९९च्या 'आर्यभटीया'त, गोलपादात, नावेतल्या माणसाचं उदाहरण दिलं आहे: नाव पुढे जाते तेव्हा काठावरच्या स्थिर वस्तू त्याला मागे जाताना दिसतात; तसेच पृथ्वी स्वतःभोवती फिरत असल्याने स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. गॅलिलिओने १६३२ साली आपल्या 'संवादा'त वाचकाला जहाजाच्या पोटातल्या बंद केबिनमध्ये नेलं. वर टांगलेल्या भांड्यातून थेंब खालच्या भांड्यात पडतात, फुलपाखरं उडतात, पाण्यात मासे पोहतात. जहाज नांगरलेलं असो किंवा हेलकावे न खाता एकसमान वेगाने जात असो, आत काहीही फरक पडत नाही. १९०५ साली आइन्स्टाइनने हेच तत्त्व प्रकाशासकट साऱ्या भौतिकशास्त्राला लावलं. मायकेलसन आणि मॉर्ले यांच्या १८८७च्या प्रयोगाने 'ईथर'च्या, म्हणजे प्रकाश ज्यातून जातो असं तेव्हा मानत त्या माध्यमाच्या, सापेक्ष पृथ्वीचा वेग शोधायचा प्रयत्न केला होता आणि तो मिळाला नव्हता, हीही त्यामागची पार्श्वभूमी आहे.

म्हणजे आइन्स्टाइनने काय सांगितलं? 'स्थिर काहीच नाही' असं नव्हे. बंद केबिनमधल्या कोणत्याही प्रयोगाने एकसमान गती आणि स्थिरता वेगळ्या ओळखता येत नाहीत, निसर्गाचे नियम दोन्हींत तेच असतात, हे त्याचं म्हणणं. 'बंद' हा शब्द इथे महत्त्वाचा. केबिनला पोर्टहोल, म्हणजे गोल खिडकी, असतं आणि त्यातून बाहेर पाहायला हे तत्त्व कुणालाही मनाई करत नाही. बाहेर पाहिल्यावर विश्वातल्या पदार्थाची आणि प्रारणाची (प्रकाश व त्यासारख्या लहरींची) एखादी खास, सोयीची, सगळीकडून सारखी दिसणारी अवस्था आढळली, तर तो विश्वाच्या रचनेचा भाग झाला. नियम त्याने बदलत नाहीत.

आणि तशी अवस्था आढळली आहे. सगळी गंमत तिथेच आहे आणि लेखात नेमकी तीच निसटली.

व्हेस्टो स्लायफरने १९१२पासून दीर्घिकांचे वर्णपट, म्हणजे ज्यांवरून त्यांचा वेग कळतो ते प्रकाशाचे पट्टे, घ्यायला सुरुवात केली. फ्रीडमनने १९२२ साली आणि लमेत्रने १९२७ साली, आइन्स्टाइनच्याच व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांतून प्रसरण पावणारं विश्व काढून दाखवलं. १९२९ साली हबलने अंतर आणि रेडशिफ्ट (दूर जाणाऱ्या दीर्घिकेच्या प्रकाशाची तरंगलांबी वाढणं) यांचा संबंध प्रसिद्ध केला. आज हिशोबाला साधारण ७० हा आकडा धरतात: अंतर एक मेगापार्सेकने, म्हणजे ३२.६ लाख प्रकाशवर्षांनी, वाढलं की दूर जाण्याचा वेग सेकंदाला ७० किलोमीटरने वाढतो. आपल्यापासून १०० मेगापार्सेकवरची दीर्घिका सेकंदाला सुमारे ७,००० किलोमीटरने दूर जाते.

दूर जाते म्हणजे ती तिथल्या अवकाशातून धावते असं मात्र नाही. लेखासोबतच्या चित्रात बॉम्ब फुटल्यासारख्या दीर्घिका एका केंद्रातून चहूकडे उडताना दाखवल्या होत्या. त्या चित्राला आधार नाही. प्रसरणाला केंद्र नाही. कोणत्याही दीर्घिकेत जाऊन पाहिलं तरी बाकीच्या आपल्यापासून दूर जाताना, आणि अंतराच्याच प्रमाणात दूर जाताना, दिसतील. त्या दीर्घिकेवरचा निरीक्षक स्वतःला स्थिर म्हणेल, आणि त्याच्या परिसरापुरतं त्याचं म्हणणं आपल्याइतकंच रास्त असेल. माझ्या भाषेत सांगायचं तर दोन जहाजांचे लॉग शून्य दाखवत आहेत, दोघांची इंजिनं बंद आहेत, आणि तरी मधला समुद्रच वाढतोय म्हणून त्यांच्यातलं अंतर वाढतंय. दोघंही आपापल्या जागी स्थिर. अंतर मात्र वाढतं. प्रसरणाचा हा अर्थ एकदा मनात ठसला की निम्मे गैरसमज आपोआप दूर होतात.

जहाजाची ही उपमा कुठे तुटते, तेही सांगायला हवं. लॉगला पाणी जाणवतं, कारण पाणी हा पदार्थ आहे. अवकाश असं जाणवणारं कोणतंही उपकरण नाही, आणि सापेक्षतेप्रमाणे असूच शकत नाही. मग त्या ठिकाणचं 'शून्य' ठरवायचं कशावरून? उत्तर आकाशात सगळीकडे भरलेलं आहे. १९६४-६५मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना त्यांच्या अँटेनात न जाणारी एक खरखर सापडली. पुढे १९७८ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. ते होतं वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारण, विश्व सुमारे ३,८०,००० वर्षांचं असताना सुटलेला प्रकाश. आज त्याचं तापमान निरपेक्ष शून्याच्या वर २.७२५ अंश आहे. कोणत्याही ठिकाणी, ज्या निरीक्षकाला हे प्रारण सर्व दिशांनी सारखं दिसेल तो त्या ठिकाणापुरता 'स्थिर'. किंचित जरी वेग असला तरी पुढच्या बाजूचं आकाश थोडं ऊबदार आणि मागच्या बाजूचं तितकंच थंड दिसतं.

आपल्याला तसंच दिसतं. फरक ३.३६ मिलिकेल्विनचा (मिलिकेल्विन म्हणजे अंशाचा हजारावा भाग) आहे, म्हणजे प्रारणाच्या तापमानाच्या आठशेत एक भागाइतका. १९७७ साली स्मूट, गोरेन्स्टाइन आणि मुलर यांनी यू-२ या उंच उडणाऱ्या विमानातून घेतलेल्या मोजमापांनी तो स्पष्ट केला. नंतर १९८९ साली सोडलेल्या कोबी उपग्रहाने आणि पुढच्या उपग्रहांनी तो बारकाईने मोजला. या फरकावरून येतो सूर्याचा वेग: सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर, सिंह आणि चषक या तारकासमूहांच्या सीमेच्या दिशेने. आपल्या चौकटीतला आकडा तो हाच. आकडा बरोबर आहे. पण तो सूर्यमालेचा आहे, आणि पार्श्वभूमी प्रारणाच्या सापेक्ष आहे.

यातला मला सर्वांत आवडणारा तपशील असा की पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला सुमारे ३० किलोमीटरने फिरते आणि ते या मोजमापात उमटतं. डिसेंबरच्या मध्याला पृथ्वीची चाल सूर्याच्या या गतीच्या दिशेशी जवळजवळ जुळते, म्हणून तेव्हा आपला वेग ४०० किलोमीटरच्या आसपास जातो. जूनच्या मध्याला ती उलट असते आणि वेग ३४० किलोमीटरच्या जवळ उतरतो. उपग्रहांची उपकरणं अचूक जुळवण्यासाठी शास्त्रज्ञांनी याच वार्षिक चढउताराचा आधार घेतला, कारण पृथ्वीचा कक्षेतला वेग आपल्याला इतर मार्गांनी नेमका ठाऊक आहे. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं कुणालाही जाणवत नाही म्हणून ते आर्यभटाला नावेवरून समजावून सांगावं लागलं; तिची सूर्याभोवतीची गतीही आज आकाशाच्या तापमानात वर्षभर वाचता येते. मला हे फार मोठं वाटतं.

आता सूर्य आकाशगंगेच्या केंद्राभोवती सेकंदाला साधारण २३० किलोमीटरने फिरतो, आणि ती दिशा या ३७०च्या बऱ्याच अंशी उलट आहे. पुढे निघालेल्या जहाजाच्या डेकवरून मागच्या टोकाकडे चालणाऱ्या माणसासारखी सूर्याची स्थिती आहे. म्हणून हिशोब केला की आकाशगंगेचा वेग ३७०पेक्षा बराच जास्त निघतो. आकाशगंगा, देवयानी ही शेजारची मोठी दीर्घिका आणि जवळच्या लहान दीर्घिका मिळून जो स्थानिक गट होतो, तो प्रारणाच्या सापेक्ष सेकंदाला सुमारे ६२० किलोमीटरने, वासुकी तारकासमूहाच्या दिशेने जातो. देवयानीचं उदाहरण तर शाळेत फळ्यावर मांडावं असं आहे. स्लायफरने १९१२ साली मोजलं तेव्हा ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटरने आपल्याकडे येताना दिसली. आजही सूर्याच्या सापेक्ष तोच आकडा मिळतो. पण त्यातला मोठा भाग सूर्याच्या स्वतःच्या फिरण्याचा आहे. तो वजा केला की आकाशगंगेच्या सापेक्ष देवयानीचा वेग उरतो सुमारे ११० किलोमीटर. तीच दीर्घिका, तोच वर्णपट, आकडे दोन, आणि दोन्ही बरोबर.

मग न्यूटनचं निरपेक्ष अवकाश मागच्या दाराने परत आलं का? हा प्रश्न मला भेटलेल्या बहुतेक जिज्ञासू लोकांनी विचारला आहे आणि तो सरळ झटकून टाकण्यासारखा नाही. उत्तर 'नाही' असं आहे. सेकंदाला ३७० किलोमीटरने जाणाऱ्या आपल्या प्रयोगशाळेत, खिडक्या बंद करून केलेला एकही प्रयोग प्रारणाच्या सापेक्ष स्थिर असलेल्या प्रयोगशाळेपेक्षा वेगळं उत्तर देत नाही. नियमांना त्या शून्याची गरज नाही. दुसरं, आणि मला यात जास्त गोडी वाटते, ते शून्य जागोजागचं आहे. न्यूटनचा स्थिर माणूस साऱ्या विश्वाच्या सापेक्ष एकदाच स्थिर होता. इथे आपल्या जागेवरचा स्थिर निरीक्षक आणि १०० मेगापार्सेकवरचा स्थिर निरीक्षक एकमेकांपासून सेकंदाला ७,००० किलोमीटरने दूर जात असतात. दोघंही स्थिर असूनही त्यांची स्थिरता एक नाही. विश्वभर पुरेल असं एकच शून्य या विश्वात नाहीच. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं आहे असं आपण म्हणतो, तेव्हा तेही या जागोजागच्या स्थिर निरीक्षकांच्या घड्याळाने मोजलेलं असतं.

दुसऱ्या वाक्याकडे येतो. ७० किलोमीटरचा दर धरला तर सुमारे १४ अब्ज प्रकाशवर्षांपलीकडच्या दीर्घिकांचं आपल्यापासूनचं अंतर प्रकाशाच्या वेगापेक्षा जास्त दराने वाढतं. हे खरं आहे. पण हा अंतरवाढीचा दर आहे. आपल्या परिसरातल्या प्रकाशकिरणाला मागे टाकून कुणी पुढे गेल्याचा वेग नव्हे. सापेक्षता ज्या वेगावर मर्यादा घालते तो एकाच जागी, शेजारून जाणाऱ्या दोन गोष्टींमधला. त्या दूरच्या दीर्घिकेवरही तिथला प्रकाश तिला मागे टाकूनच पुढे जातो. अशा दीर्घिका आपल्याला दिसतातही, हेही सांगायला हवं. पार्श्वभूमी प्रारण ज्या पदार्थापासून सुटलं तो तर आज सुमारे ४६ अब्ज प्रकाशवर्षांवर आहे आणि वाटेत प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ११०० पटींनी ताणली गेली आहे. हा ताण 'वेगामुळे' की 'अवकाश वाढल्यामुळे' यावर मी जाणकारांनाही वाद घालताना ऐकलं आहे. माझ्या मते तो फरक बऱ्याच अंशी हिशोब मांडायच्या पद्धतीचा आहे. मोजता येतं ते गुणोत्तर, आणि त्याबद्दल दुमत नाही.

लेखात पुढे एक वाक्य होतं की प्रसरण सगळ्या वस्तूंना 'ओढून नेतं'. यावर थोडं थांबणं आवश्यक आहे, कारण माझ्यासारख्या प्रवाहात जहाजं चालवलेल्या माणसालाही पहिल्यांदा असंच वाटतं. प्रवाह होडीला ओढतो. अवकाश कुणालाच ओढत नाही. कल्पना करा की एका दूरच्या दीर्घिकेला आपण दोर बांधून ठरावीक अंतरावर धरून ठेवलं आहे. म्हणजे तिच्या परिसराच्या सापेक्ष ती आपल्याकडे वेगाने येते आहे, पण आपल्यापासूनचं अंतर कायम आहे. आता दोर कापला. काय होईल? बहुतेक जण म्हणतात, प्रसरण तिला वाहून नेईल. समीकरणं वेगळं सांगतात. प्रसरणाचा वेग कमी होत असलेल्या विश्वात ती दीर्घिका उलट आपल्याकडे येऊ लागेल. वेग कमीही होत नाही आणि वाढतही नाही अशा रिकाम्या विश्वात ती आहे तिथेच, त्याच अंतरावर राहील. आणि प्रसरणाचा वेग वाढत असलेल्या विश्वातच ती दूर जाऊ लागेल. आपलं विश्व या तिसऱ्या प्रकारचं आहे, हे १९९८मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) निरीक्षणांवरून कळलं; पर्लमटर, श्मिट आणि रीस यांना २०११चं नोबेल त्यासाठी मिळालं. पण सुमारे ५-६ अब्ज वर्षांपूर्वीपर्यंत विश्व पहिल्या प्रकारचं होतं. प्रसरण तेव्हाही होतंच. म्हणजे त्या दीर्घिकेचं पुढे काय होईल हे नुसतं प्रसरण ठरवत नाही, प्रसरणातला बदल ठरवतो. गतीबद्दलचं हे सखोल सत्य कोणत्याही चित्राने कळत नाही.

याच्याच जोडीचं दुसरं सत्य: प्रसरण पावणाऱ्या विश्वात मोकळ्या सोडलेल्या वस्तूची गती विरत जाते. घर्षण नाही, अडथळा नाही, तरीही. वस्तू निघाली तेव्हा तिच्या शेजारच्या स्थिर निरीक्षकाच्या सापेक्ष तिला एक वेग होता. पुढे जाता जाता ती ज्या-ज्या नव्या निरीक्षकांजवळून जाते, ते सगळे तिच्या मूळ जागेपासून आधीच त्याच दिशेने दूर जात असतात. त्यामुळे प्रत्येक नव्या जागी तिचा तिथला वेग थोडा कमी भरतो. विश्वातली अंतरं दुप्पट होईपर्यंत तिचा स्थानिक वेग निम्मा होतो, निदान प्रकाशाच्या तुलनेत संथ जाणाऱ्या वस्तूंसाठी. न्यूटनचा पहिला नियम पाठ केलेल्या मुलाला हे ऐकून आश्चर्य वाटलं पाहिजे. प्रकाशाच्या बाबतीत हाच नियम लावला की मिळते रेडशिफ्ट: प्रकाशाचा वेग कमी होऊ शकत नाही, म्हणून त्याची ऊर्जा कमी होते आणि तरंगलांबी वाढते. दगडाचं मंदावणं आणि प्रकाशाचं तांबडं होणं ही एकाच नियमाची दोन रूपं आहेत. लेखाला एखादी चौकट द्यायचीच होती तर ती याची द्यायला हवी होती.

हे सगळं लागू होतं ते दीर्घिकांच्या समूहांच्या पलीकडे. अणू, पृथ्वी, सूर्यमाला, आकाशगंगा, आपला स्थानिक गट हे आपापल्या बलांनी बांधलेले आहेत आणि ते प्रसरण पावत नाहीत. देवयानी जवळ येते आहे, ती त्यामुळेच.

फिरण्याबद्दल मात्र एक शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही. एकसमान सरळ गती बंद केबिनमध्ये ओळखता येत नाही. फिरणं ओळखता येतं. आमच्या जहाजावरचा गायरोकंपास आकाश न पाहता, चुंबकाशिवाय, खरी उत्तर दाखवायचा, कारण पृथ्वीचं फिरणं त्याच्या चक्राला जाणवतं. १८५१ साली फूकोने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये लंबक टांगून तेच दाखवलं होतं. पण फिरणं कशाच्या सापेक्ष? न्यूटन म्हणाला, निरपेक्ष अवकाशाच्या. बादलीतलं पाणी फिरलं की त्याचा पृष्ठभाग खोलगट होतो, हा त्याचा पुरावा. भौतिकशास्त्रज्ञ माख याने १८८३ साली विचारलं की तो परिणाम दूरवरच्या साऱ्या ताऱ्यांच्या, साऱ्या पदार्थाच्या सापेक्ष फिरण्याचा का नसावा? हॉयल आणि जयंत नारळीकर यांनी १९६४ साली मांडलेला गुरुत्वाकर्षणाचा सिद्धान्त माखच्या या विचारालाच गणिती रूप देण्याचा प्रयत्न होता: वस्तूचं जडत्व तिचं एकटीचं नसून विश्वातल्या बाकीच्या पदार्थाशी असलेल्या नात्यातून येतं. तो सिद्धान्त सर्वमान्य झाला नाही. व्यापक सापेक्षतेने माखची कल्पना पूर्ण मान्य केली नाही, पण पूर्ण नाकारलीही नाही: फिरणारी पृथ्वी आपल्याजवळच्या गायरोचा अक्ष किंचित सोबत ओढते हे १९१८ साली लेन्स आणि थिरिंग यांनी समीकरणांतून काढलं होतं, आणि २००४ साली सोडलेल्या ग्रॅव्हिटी प्रोब बी उपग्रहाच्या २०११मध्ये जाहीर झालेल्या निष्कर्षांत ते मोजलेलं आहे. रात्रीच्या वॉचला गायरोकंपास तपासण्यासाठी ताऱ्याचा दिगंश (क्षितिजावरची दिशा) घेताना मला हा प्रश्न अनेकदा पडे. हे चक्र त्या ताऱ्यांना कसं ओळखतं? आजही मला तो भौतिकशास्त्रातला एक अत्यंत सुंदर प्रश्न वाटतो.

३७०चा आकडा छापताना आणखी एक गोष्ट वाचकाला सांगायला हवी होती. आकाशातला तो ऊबदार-थंड फरक पूर्णपणे आपल्या गतीमुळे असेल, तर त्याच गतीमुळे अतिदूरच्या क्वेसारांची (अतितेजस्वी दीर्घिका-केंद्रांची) आणि रेडिओ दीर्घिकांची संख्याही पुढच्या दिशेला ठरावीक प्रमाणात जास्त दिसली पाहिजे. ही कसोटी एलिस आणि बाल्डविन यांनी १९८४ साली सुचवली. २०२१ साली दहा लाखांहून अधिक क्वेसारांची मोजणी प्रसिद्ध झाली. दिशा प्रारणाच्या दिशेशी बरीचशी जुळली, पण फरकाचं प्रमाण अपेक्षेच्या सुमारे दुप्पट निघालं. मोजणीत काही राहिलं आहे, की विश्वातला पदार्थ आणि प्रारण यांचं 'शून्य' आपण समजतो तसं एकच नाही, हे अजून ठरलेलं नाही. ही शंका फार मूलभूत आहे, कारण आधुनिक विश्वशास्त्राचा सारा हिशोब ही दोन शून्यं एकच आहेत असं धरून मांडलेला आहे. वर्तमानपत्राने अशी न सुटलेली बाबही मुलांपुढे ठेवावी. कुणी तरी पुढे ती सोडवायला घेईल.

माझी विनंती साधी आहे. चौकटीत 'सूर्यमालेचा वेग, पार्श्वभूमी प्रारणाच्या सापेक्ष, सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर' एवढं छापलं असतं तर पुरेसं होतं. दुसऱ्या वाक्यात 'पळत आहेत' ऐवजी 'त्यांचं आपल्यापासूनचं अंतर प्रकाशवेगापेक्षा जास्त दराने वाढत आहे' असं हवं होतं. तिसरं वाक्य 'एकसमान गती आणि स्थिरता यांतला फरक बंद खोलीतल्या कोणत्याही प्रयोगाने कळत नाही' असं लिहिता आलं असतं. त्याने आइन्स्टाइनचं म्हणणं जसं आहे तसं पोहोचलं असतं. शाळकरी वाचक या चौकटी कापून वहीत चिकटवतात, शिक्षक त्या फळ्यावर उतरवतात. तिथे गेलेला आकडा वर्षानुवर्षं टिकतो.

पुढच्या पुरवणीत प्रसरणाच्या दराबद्दलच्या वादावर लेख येणार असल्याचं आपण जाहीर केलं आहे. पार्श्वभूमी प्रारणावरून तो दर सुमारे ६७ निघतो आणि जवळच्या अतिनवताऱ्यांवरून सुमारे ७३, हा तो वाद. त्या लेखात हे आकडे 'किलोमीटर प्रति सेकंद' एवढंच लिहून छापू नयेत. त्यापुढे 'प्रति मेगापार्सेक' हवं. त्याशिवाय ६७ आणि ७३ हे कुणाचे तरी वेग वाटतील, आणि ते कुणाचेच वेग नाहीत.

आपला,
एक निवृत्त नौकानयन अधिकारी